ऑपरेशन कार्डावर झाले, व्यायामाचे काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज ज्या प्रश्नावर बोलायचे आहे तो प्रश्न फार साधा आहे. दौलताबाद, अब्दीमंडी, खुलताबाद या पट्ट्यातली माणसे आम्हा फिजिओथेरपीच्या क्षेत्रातल्या लोकांना तो वारंवार विचारतात. ‘आमच्याकडे सरकारी योजनेचे कार्ड आहे. जवळपास कोणता फिजिओथेरपिस्ट ते कार्ड घेतो?’

आधी सरळ उत्तर देते. बाहेरच्या खासगी दवाखान्यात रोज जाऊन घ्यायच्या व्यायामोपचाराला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे किंवा आयुष्मान कार्ड चालत नाही. दौलताबादला चालत नाही, शहरातही चालत नाही. तेव्हा कार्ड हातात घेऊन दवाखान्यामागून दवाखाना पालथा घालण्यात अर्थ नाही. पण म्हणून सगळे मार्ग बंद झाले असेही नाही. कार्ड कुठपर्यंत चालते, कुठे थांबते आणि तिथून पुढे कोणत्या दाराने जायचे, एवढे नीट कळले तर पुष्कळ काम होते.

समजा, दौलताबादच्या एका घरातल्या आजी सीताफळाच्या बागेत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. मुलाने गाडी केली, शहरातल्या योजनेतल्या रुग्णालयात नेले. तिथे आरोग्यमित्राने कागद पाहिले, मंजुरी मिळाली, शस्त्रक्रिया होऊन आत सळई बसली. एक पैसा लागला नाही. आठ-दहा दिवसांनी आजी घरी आल्या. शेजारपाजारच्या बायका भेटायला आल्या. ‘आता पडून राहा, हाडाला आराम पाहिजे,’ असे प्रत्येकीने मायेने सांगितले. सुनेने खाटेवरच जेवण दिले, खाटेवरच सगळे केले. तीन महिन्यांनी हाड जुळले होते, पण आजी उभ्या राहू शकत नव्हत्या.

अशी घरे थोडी नाहीत. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असते. शस्त्रक्रियेनंतर हाड डॉक्टरांच्या हातचे असते, पण स्नायू वापरल्याशिवाय टिकत नाही. म्हातारे माणूस अंथरुणावर पडून राहिले की मांडीचे स्नायू फार लवकर झडतात. सांधे आखडतात, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायाच्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते. म्हणूनच खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल, तर एक-दोन दिवसांतच रुग्णाला आधाराने बसवण्याचा, उभे करण्याचा प्रयत्न करतात. पक्षाघाताचेही तसेच. अंग लुळे पडल्यानंतर सुधारणेचा वेग साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. पुढेही सुधारणा होते, पण सावकाश. हे महिने ‘दम धरा, हळूहळू येईल’ म्हणत घालवले तर ते परत मिळत नाहीत.

आता योजनेकडे वळू. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि १ एप्रिल २०२० पासून आपल्या राज्यात दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. जुलै २०२३ मध्ये ते पाच लाख करण्याचा आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना योजनेत घेण्याचा निर्णय झाला. २०२४ मध्ये तो अमलात आला. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांसाठी, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान वय वंदना कार्डही आले. हे सगळे मोठे काम आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. या योजनांमुळे कितीतरी घरांचे शेत आणि दागिने वाचले.

पण या योजनांची बांधणी कशी आहे पाहा. रुग्ण दाखल होतो. आजाराला किंवा शस्त्रक्रियेला ठरलेली रक्कम असते, तिला पॅकेज म्हणतात. खाट, डॉक्टर, भूल, औषधे, तपासण्या, जेवण हे सगळे त्यात येते. घरी सोडल्यानंतरची थोड्या दिवसांची औषधे आणि फेरतपासणीही येते. मग खाते बंद. आमचा उपचार मात्र या साच्यात बसत नाही. फिजिओथेरपी एका दिवसात होत नाही. आज अर्धा तास, परवा अर्धा तास, असे सहा आठवडे, कधी सहा महिने चालते. प्रत्येक वेळचे बिल लहान असते. एका मोठ्या शस्त्रक्रियेचे कागद तपासणे योजनेच्या कार्यालयाला सोपे जाते, पण लहान लहान चाळीस भेटी खरेच झाल्या की नाहीत, हे तपासणे अवघड. म्हणून सगळ्या देशांतल्या विमा योजनांना हा उपचार थोडा नकोसा असतो. जर्मनीसारख्या देशात डॉक्टरांनी लिहून दिले तर सार्वजनिक विमा फिजिओथेरपीचा बहुतेक खर्च देतो. तिथेही रुग्णाला दहा टक्के खर्च आणि प्रत्येक चिठ्ठीमागे दहा युरो स्वतः भरावे लागतात. ब्रिटनमध्ये सरकारी सेवा विनामूल्य आहे, पण रांग लांब असते. आपल्याकडे बाह्यरुग्ण उपचार या कार्डाच्या बाहेरच ठेवले आहेत.

तर मग आजींच्या घरच्यांनी काय करावे? मी एकेक दार दाखवते.

पहिले दार, जिथे ऑपरेशन झाले ते रुग्णालय. हे दार उघडे असते तेव्हा आपण झोपलेले असतो आणि जागे होतो तेव्हा ते लागलेले असते. आजी दाखल आहेत तोवर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या उपचाराचे वेगळे पैसे योजनेतल्या रुग्णाकडून घ्यायचे नसतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी विचारा, ‘फिजिओथेरपिस्ट कधी येणार?’ आणि ते आले की सुनेने किंवा नातवाने, जो घरी करवून घेणार आहे त्याने, शेजारी उभे राहून शिकावे. नुसते पाहू नये, त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवावे. मोबाइलवर चित्रीकरण करण्याची परवानगी मागावी. सोडण्याच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. पायावर किती भार द्यायचा, कोणते व्यायाम किती वेळा करायचे आणि पुन्हा कधी दाखवायचे. ‘व्यायाम करा’ एवढेच लिहिलेला कागद काही कामाचा नाही. काही अडले, कुणी पैसे मागितले तर त्याच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा किंवा योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर विचारा.

दुसरे दार, आपली घाटी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय १९५६ पासून मराठवाड्याचा आधार आहे. तिथे नाममात्र शुल्कात केसपेपर निघतो आणि फिजिओथेरपीही मिळते. इथे कार्ड चालते की नाही हा प्रश्नच उरत नाही, कारण बाह्यरुग्ण म्हणून जायला कार्डाची गरजच नाही. ऑपरेशन खासगी रुग्णालयात झालेले असले तरी कागद घेऊन अस्थिरोग विभागात दाखवता येते आणि तिथून फिजिओथेरपीची चिठ्ठी मिळते. एक लक्षात ठेवा. सरकारी पाट्यांवर पुष्कळदा ‘फिजिओथेरपी’ न लिहिता ‘भौतिकोपचार’ असे लिहिलेले असते. हा शब्द माहीत नसल्यामुळे त्या दारासमोरून माणसे पुढे निघून जातात.

तिसरे दार, जिल्हा रुग्णालय. ते चिकलठाण्याला आहे, म्हणजे दौलताबादहून शहर ओलांडून जावे लागते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार विनामूल्य झाले आहेत. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा जो राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून देशात सुरू झाला, त्यात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची तरतूद आहे. तेव्हा साठीपुढच्या माणसांनी तिथे हक्काने विचारावे. खुलताबादच्या ग्रामीण रुग्णालयातही चौकशी करावी, कारण ते दौलताबादकरांना जवळचे आहे. जाण्याआधी एक फोन करून फिजिओथेरपिस्ट कोणत्या वारी आणि कोणत्या वेळी असतात ते विचारून घ्यावे. म्हाताऱ्या माणसाला गाडीत घालून नेले आणि ‘आज साहेब नाहीत’ ऐकून परत आणले, असे एकदा झाले की घरचे पुन्हा जायचे नाव काढत नाहीत.

चौथे दार आपल्या भागातल्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावे, कारण त्याचा विसर सर्वांत जास्त पडतो. ते दार आहे कामगार राज्य विम्याचे. दौलताबाद आणि आसपासच्या गावांतली कितीतरी मुले वाळूजच्या कारखान्यांत कामाला जातात. त्यांच्या पगारातून दरमहा पाऊण टक्का विम्याचा कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. पगाराची मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये २१,००० रुपये झाली. हा विमा १९४८ च्या कायद्यातला, म्हणजे आयुष्मानपेक्षा सत्तर वर्षांनी थोरला. आणि त्याचे वैशिष्ट्य हे की त्यात बाह्यरुग्ण उपचार येतात. विम्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपीही त्यात येते. शिवाय हा विमा एकट्या कामगाराचा नाही. बायको-मुले आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही त्यात येतात. आता सांगा, ज्या आजींचा मुलगा वाळूजला पाळी करून येतो त्या आजी सरकारी विम्यात फिजिओथेरपी शोधत हिंडतात आणि ज्या विम्यात ती आहे तो मुलाच्या खिशातल्या ओळखपत्रावर असतो! पण त्यासाठी आईवडिलांची नावे विम्याच्या नोंदीत असली पाहिजेत. नोकरी लागली तेव्हा फॉर्मवर नुसते बायकोचे नाव लिहिले असेल तर कारखान्याच्या कार्यालयात जाऊन आईवडिलांची नावे आत्ताच घालून घ्या. कुणी पडेपर्यंत थांबू नका. कंत्राटी कामगारांनीही आपला विमा क्रमांक आहे की नाही ते पगाराच्या चिठ्ठीवर पाहावे. मग नेमून दिलेल्या विमा दवाखान्यात जायचे, तिथून चिठ्ठी घेऊन पुढच्या रुग्णालयात. तिथे सोय नसेल तर दुसरीकडे पाठवणीची चिठ्ठी मागायची.

पाचवे दार, शिक्षणसंस्थांची आणि न्यासांची रुग्णालये. आपल्या शहरात एमजीएम संस्थेचे फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे. जिथे विद्यार्थी शिकतात तिथे रुग्ण लागतात, आणि शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली ते मन लावून काम करतात. अशा ठिकाणचे दर बाजारातल्या दरांशी ताडून पाहावेत. गारखेड्याचे डॉ. हेडगेवार रुग्णालय न्यासाच्या वतीने चालते. न्यासाच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो, तिथे उत्पन्नाचा दाखला घेऊन जावे. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना २००६ च्या उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हा नियम खाटांचा आहे, रोजच्या व्यायामाचा नाही. तरी विचारणाऱ्याला काही ना काही सवलत मिळण्याची शक्यता असते. न विचारणाऱ्याला मिळत नाही.

शेवटचे दार, घरी येणारा किंवा गावातला खासगी फिजिओथेरपिस्ट. पैसे आपले असतात, म्हणून माणूस पारखून घ्यावा. साडेचार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम झालेला असावा आणि महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी असावी. नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान नाही, दुकानातून औषध घेताना तारीख पाहतो तसेच ते आहे. पहिल्याच भेटीत जो नुसते यंत्र लावून ‘पंधरा दिवस या’ म्हणतो, त्याच्यापेक्षा जो हालचाल मोजतो, लिहून ठेवतो आणि घरी काय करायचे ते शिकवतो, तो आपल्या कामाचा. मालिश करणारा आणि फिजिओथेरपिस्ट एक नव्हेत. नुकतेच ऑपरेशन झालेल्या पायाला कुणीही दणकून चोळू नये.

एवढी दारे सांगितली, तरी दौलताबादच्या माणसाची खरी अडचण अजून बाकी आहे. घाटीत शुल्क नाममात्र आहे, हे खरे. पण शहर पंधरा किलोमीटरवर. आजी एसटीच्या पायऱ्या चढू शकत नाहीत, काळी-पिवळीत पाय लांब करता येत नाही. म्हणजे रिक्षा ठरवावी लागते. बरोबर एक माणूस लागतो, त्याचा रोज बुडतो. सुटीच्या दिवसांत वेरूळच्या पर्यटकांमुळे रस्ता तुंबतो. आठवड्यातून तीनदा असे जायचे म्हटले तर फुकटचा उपचार फार महाग पडतो. बहुतेक लोक उपचार सोडतात ते फीमुळे नव्हे, या जाण्या-येण्यामुळे.

यावर आमच्या व्यवसायात एक तोड आहे. पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा, ‘आम्ही दौलताबादहून येतो, रोज जमणार नाही. पंधरा दिवसांतून एकदा येऊ. तेवढ्या दिवसांचे व्यायाम लिहून द्या.’ समंजस फिजिओथेरपिस्ट लगेच तसा आराखडा करतो. पाऊल वर-खाली करणे, मांडी आवळून धरणे, टाच सरकवत गुडघा वाकवणे, खुर्चीवरून आधाराने उठणे-बसणे, वॉकर घेऊन ओसरीपर्यंत फेरी. यांतले काय करायचे आणि केव्हा सुरू करायचे ते तज्ज्ञ सांगेल, करवून घ्यायचे काम घराचे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज खूण करा. सकाळी एक, संध्याकाळी एक. पुढच्या भेटीला ते पान फाडून बरोबर न्या. खुणा पाहिल्या की तज्ज्ञाला कळते की घर जागे आहे.

गावातल्या आशाताईंना आणि आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना घरी कोण पडून आहे ते कळवा. ते फिजिओथेरपिस्ट नाहीत, पण पाठीला जखम होते आहे का, पायाला सूज आहे का, हे पाहून वेळीच पुढे पाठवू शकतात. एका पायाची पोटरी एकाएकी सुजली आणि दुखू लागली, किंवा धाप लागली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. अर्धांगाच्या रुग्णाला उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नये, त्याने खांदा निसटतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. किल्ल्यावर येणारे पर्यटक पायऱ्या मोजत वर जातात. आपल्या आजींना सध्या घराचा एक उंबरठा ओलांडायचा आहे, पण त्यालाही हाच नियम.

जाता जाता थोडे सरकारशीही बोलायचे आहे. या विषयात महाराष्ट्र मागून आलेला नाही. देशातले पहिले फिजिओथेरपीचे विद्यालय १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात निघाले, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. त्यामागे पोलिओ होता. मुले वाचत होती, पण चालत नव्हती. मूल वाचवणे हे अर्धेच काम आहे हे तेव्हाच्या धुरिणांना कळले होते. पुढे पोलिओ गेला. २०११च्या जानेवारीनंतर देशात त्याचा नैसर्गिक विषाणूचा रुग्ण आढळला नाही. पण आता त्याच जागी अपघाताचे, पक्षाघाताचे, म्हातारपणी पडण्याचे रुग्ण आले आहेत. तेही वाचत आहेत, आणि योजनेमुळे वाचत आहेत. त्यांना चालवण्याची तजवीज मात्र अजून त्या पॅकेजात नाही.

मागणी फार मोठी नाही. हाडाच्या आणि मेंदूच्या ज्या उपचारांना योजना पैसे देते, त्याच पॅकेजात घरी गेल्यानंतरच्या ठरावीक भेटी धराव्यात. आणि दौलताबादसारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक ठरलेला वार फिजिओथेरपिस्टचा असावा. लसीकरणाचा वार असतो आणि गावाला तो पाठ असतो, तसाच. त्याला मोठी यंत्रे लागत नाहीत. एक खोली, एक पलंग, दोन समांतर दांड्या आणि शिकवणारा माणूस पुरतो. ग्रामसभेत असा ठराव करून तो जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे पाठवायला कुणाची परवानगी लागत नाही.

तोपर्यंत, श्रोतेहो, दोन कामे आजच करण्यासारखी आहेत. मुलाच्या कामगार विम्यात आईवडिलांची नावे आहेत का ते पाहा. आणि घरचे किंवा शेजारचे कुणी रुग्णालयात दाखल असेल तर उद्या डबा घेऊन जाल तेव्हा विचारून या, यांना उभे कधी करणार आणि ते आम्हाला कोण शिकवणार?